सिल्लोडहून आणलेलं पेडल

"टिनाच्या डब्यात भुंगा सोडल्यासारखी वाजते हिची गिटार. शनिवारपर्यंत नाय जमलं, तर लॅपटॉपवरून गिटारचा रेकॉर्डेड ट्रॅक सोडू."

सुमेध जिन्यात निखिलला हे म्हणाला. हळूच म्हणाला, पण ड्रमर लोकांचं हळू ते किती हळू... मी दाराशीच चप्पल काढत होते. "तिला सांगणार कोण?" एवढंच निखिल म्हणाला. कोणीच सांगितलं नाही. मीही काही ऐकलं नाही असं दाखवलं.

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आवडीने वाचते आणि दर वेळी मनात वायरिंग तपासते. दिवे आपोआप लागले — लूज कनेक्शन. पावलं वाजली — पत्र्यावर मांजर. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, विषय इलेक्ट्रॉनिक्स, त्यामुळे माझ्याकडून इथे काही लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं.

बजाजनगरला निखिलच्या मामांच्या गाळ्यावर आमची प्रॅक्टिस असते. बुधवार होता, दुपारचे पावणेचार. पहिली शिफ्ट सुटून खाली कंपनीच्या बसेसची रांग लागली होती. शनिवारी कॉलेजचं गॅदरिंग. तीन वर्षं घरी एकटीने वाजवल्यावर हा माझा पहिला बँड — आणि माझ्या जागी लॅपटॉप येणार होता.

माझ्याकडे एक जुनं ओव्हरड्राइव्ह पेडल आहे — गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायची, आवाजाला खरखरीत धार देणारी डबी. बाबांनी सिल्लोडच्या एका लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानातून आणलेलं. नॉबखालची अक्षरं पुसून गेलेली. मी त्याचा ड्राइव्ह, म्हणजे खरखरीचा नॉब, फुल ठेवायचे, वर अ‍ॅम्पचा गेनही फुल. एकटीने वाजवताना तो आवाज भिंतीसारखा भरीव लागतो. ड्रम सुरू झाले की त्याच भिंतीचा चिखल होतो, नुसती भुणभुण उरते. मग मला मीच ऐकू येत नाही, म्हणून मी अजून वाढवायचे.

त्या दिवशी गाणं थांबलं आणि अ‍ॅम्पच्या घरघरीतून एक माणूस बोलला. घोगरा, सावकाश आवाज.

"पहले कान खोल, बेटा." मग जरा थांबून — "नौ पे... दो पे."

तिघांनीही ऐकलं. सुमेध हसला. म्हणाला, गेन एवढा ठेवलाय की पेडलनं रेडिओ पकडला. असं होतं, खरंच होतं. मीही तेच म्हटलं असतं. निखिलने विचारलं, चार वाजत आलेत आणि नऊ सांगणारं हे कुठलं स्टेशन? मग रेल्वेची अनाउन्समेंट असंल, सुमेध म्हणाला. यावर निखिल — अबे, आपल्या स्टेशनला नऊ नंबरचा प्लॅटफॉर्म कधी झाला?

मी मात्र पेडलकडे बघत होते. गोल नॉब, त्यावर एक पांढरी रेघ. घड्याळाचा काटाच तो.

ड्राइव्हची रेघ नऊवर आणली. लेव्हलची, म्हणजे आवाजाच्या नॉबची, दोनवर. अ‍ॅम्पचा गेनही उतरवला, आणि गाणं पुन्हा सुरू केलं. एकेक तार वेगळी ऐकू येत होती, ड्रमच्याही वर. सुमेध मध्येच वाजवायचा थांबला. "ट्रॅक-बिक राहू दे," निखिलकडे बघून पुटपुटला.

गुरुवारी बाबांसोबत सिल्लोडला गेले. दुकानात ते चालवणारे शोएबभाई होते. हे पेडल रेडिओ पकडतं का, असं विचारलं आणि काय ऐकू आलं तेही सांगितलं. त्यांनी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"ये तो अब्बा का बोल है."

त्यांच्या अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून नॉब कुठे ठेवायचा ते घड्याळावर सांगायचे. बँडवाले असोत की कव्वाल, सगळ्यांना आधी 'कान खोल' हेच वाक्य. मी मनाची तयारी करून विचारलं, अब्बा...? शोएबभाईंनी माझ्या मागे बोट दाखवलं. स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बशीतून चहा पीत होते. गळ्याला रुमाल. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या कानावर बोट ठेवलं आणि हसले.

घरी येऊन मी पेडल उघडलं. एक बोर्ड, एक चिप, थोडे कपॅसिटर. आवाज साठवून ठेवेल असं आत काहीही नाही. रेडिओ म्हणावं, तर तो माझ्या नॉबबद्दल का बोलेल? उत्तर शोधतेय, पण घाई नाही.

शनिवारी साउंडचेकला सिस्टिमवाले दादा स्टेजवर आले. "मॅडम, एवढ्यानं काय होतंय, वाढवून देतो," म्हणत पेडलकडे वाकले. माईक माझ्यासमोरच होता, चालू. कॉलेजच्या चार वर्षांत त्या स्टेजवरून मी कधी काही बोलले नव्हते.

"नऊलाच राहू द्या, दादा. आधी कान उघडा."