कडेच्या चार गाद्या

बाळंतपण उरकून लेक सासरी निघाली की माहेरून पाळणा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. पण माझ्या नवऱ्याने लातूरच्या दुकानातून आधीच एक आणून ठेवला होता. चारही बाजूंनी लाकडी गज असलेला, न हलणारा. आईला ते फार लागलं. मग तिने औशातल्या पिंजारी चाचांकडून नवा कापूस पिंजून घेतला आणि गजांना आतून बांधायच्या चार जाड गाद्या शिवून आणल्या. प्रत्येकीला सहा बंद.

"गज कसले कडक हायेत बग," ती गाठी मारत म्हणाली. "लेकराचं डोस्कं आपटलं म्हंजी?"

मी वाद घातला नाही. भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा माझी दोन महिन्यांची बहीण पाळण्यात होती. मी नऊ वर्षांची, आणि नेमकी आजोळी नांदेडला गेलेली. तू वाचलीस, असं सगळे म्हणायचे. मला मात्र कायम वाटत आलं, की घरात काहीतरी घडलं आणि मला त्यातून वगळलं. त्यानंतर आईला कडक वस्तू सोसेना. नव्या गावातल्या सिमेंटच्या घरात तिने कपाटाच्या कोपऱ्यांनासुद्धा चिंध्या बांधल्या. आम्ही तिला हसायचो, तीही हसायची, पण चिंध्या काढू द्यायची नाही.

गाद्या बांधून ती संध्याकाळच्या बसने गेली. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे तिचं पक्कं.

नवरा लातुरातच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. सकाळी सहाला जायचा आणि दिवसभर दुसऱ्यांची लेकरं घडवून रात्री घसा बसवून परत यायचा. आमची सगळी गल्ली खोल्या करून राहणाऱ्या पोरापोरींनी भरलेली. पण ती एक तर क्लासला, नाही तर दार लावून पुस्तकात. एवढ्या माणसांत मला बोलायला कुणी नव्हतं. घरमालकीण बोलायची, पण फक्त पाण्याच्या टाकीबद्दल. मी लेकीलाच सांगत बसायची, आज काय भाजी केली, मीठ कसं जास्त झालं. फार एकटी पडले होते मी. कधी माझाच आवाज ऐकून दचकायची.

लेक चार महिन्यांची झाली. एका दुपारी मी कपडे वाळत घालून गच्चीवरून खाली आले, तर घर शांत. चला, झोपली एकदाची, म्हणून मला बरं वाटलं. मी चहासुद्धा टाकला. मग सहज वाकून पाहिलं, तर ती कुशीवर होऊन कोपऱ्यात सरकलेली आणि तोंड कापसात रुतलेलं. उचलली तेव्हा चेहरा काळानिळा दिसत होता. तिने श्वास घेऊन टाहो फोडेपर्यंतचा वेळ मला मोजता येणार नाही. तिला तशीच उचलून मी रिक्षाने दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि मग मला झापलं. "डोकं गजाला लागलं तर बाळ रडतं, तुम्ही धावत जाता. कापसात तोंड गेलं तर आवाजच येत नाही. लोड, उशा, कडेच्या गाद्या, सगळं बाहेर काढा. घट्ट सपाट गादी आणि बाळ उताणं. बस्स."

"घट्ट बांधल्या तर चालतील?"

"घट्ट बांधल्या तरी नाही."

आईच्या गाठी सुटेनात. शेवटी बंद कात्रीने कापले.

पंधरा दिवसांनी आई आली आणि उघडे गज पाहून चिडली. "माझं काय बी नको तुला." मी आधी समजुतीने सांगितलं. ती ऐकेना. "आमी काय लेकरं वाढिवली न्हाईत? डाक्टरनीला काय ठावं?" मी तापट आहेच. मी म्हणाले, "आई, गुदमरणाऱ्या लेकराचा आवाज निघत नाही. ते मुकाट्याने जातं."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, पटलं.

"रडत न्हाई?" तिने विचारलं.

"नाही."

"जागं असलं तरी?"

"जागं असलं तरी."

तिने लेकीचं पाऊल मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, "आमी मातीखाली हुतो तवा मी कान लावून हुते. पाळण्यातनं आवाज न्हाई. मला वाटलं, झोपल्या झोपेत गेली. समदे बी तेच म्हनले, तिला काय कळलं न्हाई. तेवढ्यावर मी इतकी वर्सं काडली बग."

तिने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि नेहमीच्या बसने गेली. गाद्यांचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही, बहिणीचाही नाही.

गाद्या तर आधीच निघाल्या होत्या. लेक उताणी झोपत होती. मी खोटं बोलले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. "जागं असलं तरी?" असं विचारताना आईला माझ्याकडून फक्त "तसं नाही गं" एवढं ऐकायचं होतं. आणि मी, क्लासवाल्या लातुरातल्या हुशार पोरीसारखं, बरोबर उत्तर दिलं.