नोरा मावशींच्या आजीचं गाव

निम्म्या पोळ्या झाल्या आणि शेजारच्या ऐंशीच्या नोरा मावशींनी बोलावलं. सुनेत्रा कणीक झाकून गेली. आपली आजी आयर्लंडमधल्या कुठल्या गावची, एवढं मावशींना डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून आठवडाभर सुनेत्राच वेबसाइटवर आयर्लंडहून बोटीने इकडे आलेल्या प्रवाशांच्या जुन्या याद्यांत आजीचं नाव शोधत होती. काही सापडत नव्हतं. आज तिने भरलेला फॉर्म मोठ्याने वाचला.

“ब्रिजेट मायकल टियर्नी.”

“अगं, मायकल तर आजोबा!”

“आमच्यात बाई मधे नवऱ्याचं नाव लावते, मावशी.”

“बिचारी! आठवडाभर नवऱ्यानेच अडवून ठेवली की तिला!”

हसत सुनेत्राने मायकल पुसलं, गणपतीचं नाव घेऊन बटण दाबलं. ब्रिजेट टियर्नी, वय बावीस, गाव किलमोर. मावशींनी ते नाव चारदा वाचायला लावलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मी जाणार!”

दुपारी सुनेत्रा त्यांना पासपोर्टच्या फोटोसाठी घेऊन जाणार होती.