रसदगाडीचा करार

घोडदळाच्या कॅप्टनने मला फसवलं, आणि माझ्या मुलीने त्याला मदत केली.

अमेरिकेत, आमच्या अ‍ॅशबर्न गावाजवळच्या एका कुरणावर दर वर्षी हौशी लोक इथल्या जुन्या यादवी युद्धातली लढाई करून दाखवतात. मी पायदळात, मुलगी शत्रूच्या घोडदळात. इतकी वर्षं माझ्याकडे पार्किंग असायचं. या वर्षी भांडून रसद मागून घेतली. किराणा दुकान मी शून्यातून उभं केलंय. माणसांना जेवू घालणं मला कळतं. जेवण नीट झालं तर रसद कायमची माझी, असं ठरलं.

या लढाईत घोडदळ रसदगाडी लुटतं. कॅप्टनला गाडी जाळायची होती. घासाघीस करून मी त्याला नुसत्या धुरावर आणलं. गाडी झाडांमागे न्यायची, प्रेक्षक पांगले की जशीच्या तशी परत करायची. हात मिळवले.

बाकीचे गाडीत रिकामी खोकी ठेवतात. रिकामं खोकं वाहणं मला जमत नाही. मी आमच्या पायदळाचं सगळं जेवण त्यात भरलं: बटाटेवडे, पाव, लसणाची चटणी, शिरा.

सकाळी कॅप्टन गाडी बघायला आला. आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? एक वडा दिला. तो पुरे म्हणाला, म्हणून आग्रहाने आणखी दोन. लढाईच्या दिवशी शत्रूला आग्रह करू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

छापा उत्तम झाला. गाडी परत आली तेव्हा चटणी तेवढी शिल्लक होती.

"अगं, ते आमचं जेवण होतं!"

मुलगी घोड्यावरून उतरलीसुद्धा नाही. "बाबा, इट्स अ रेड. दॅट्स द होल पॉइंट."

"करार झाला होता."

"गाडी परत दिली ना? आणि आईला सांग, शिरा बेस्ट होता."

"शिरा तर तळाशी होता. सापडला कसा?"

"काल पॅक कोणी केला तुझ्याबरोबर?"

पायदळ त्या दिवशी बिस्किटांवर लढलं. आमच्या सार्जंटने पुढच्या वर्षी पिझ्झा मागवायचं जाहीर केलं आणि पार्किंगची शिट्टी माझ्यापुढे धरली.

मी ती घेतलेली नाही. कॅप्टनने आमच्या छावणीत यावं आणि करार कोणी मोडला ते सगळ्यांसमोर सांगावं. तळाचं खोकं कोणी दाखवलं, ते माझ्या मुलीने त्याच्या शेजारी उभं राहून सांगावं. मराठीत सांगावं. इंग्रजीत ती सुटते.