भाकरीचा पाठ

दुपारचं जेवण आटोपलंय. पाच वाजता अध्यापक महाविद्यालयात शकुंतला घोडके यांना बोलायचं आहे. आज मुळ्ये सरांचा पहिला स्मृतिदिन. सर शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक; चौतीस वर्षं त्यांनी शिक्षक घडवले, शकुंतलाबाईही त्यांच्याच हाताखालच्या. भाषणाची अकरा पानं पोटावर, पेन हातात, अशाच बाई जरा कलंडतात. पंख्याची घरघर लांब लांब जाते.

बाई वर्गात उभ्या आहेत. मागच्या बाकावर सर, गुडघ्यावर निरीक्षणवही.

"सर, तुम्ही तर गेलात ना?"

"सरावपाठ बुडवून कुठं जाऊ? करा सुरू."

बाई वाचू लागतात. जन्म, पदव्या, विभागप्रमुखपद, समित्या. तिसऱ्या पानाला सर मोठ्ठी जांभई देतात. बाक आता एसटीच्या फलाटावर आहे, आणि त्याचं कुणालाच नवल नाही.

"हा माणूस कोण हो, बाई? भारी कंटाळवाणा दिसतोय."

"तुम्हीच आहात, सर!"

"मग भाकरीचा पाठ कुठाय?"

बाई लाजतात. बी.एड.चा त्यांचा पहिलाच पाठ, पाचवीचा वर्ग. अपूर्णांक शिकवायला त्यांनी भाकरी नेली, चार भाग केले आणि फळ्याकडे वळल्या. मागं बघतात तर ताट रिकामं आणि पोरांची तोंडं चालू! बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"माझी फजिती चारचौघांत कशी सांगू, सर?"

"आणि माझा शेरा?"

बाईंना तो शेरा तोंडपाठ आहे. "'पाठ फसला. मुलं जेवली. आधी मूल पाहा, मग फळा.' तेव्हापासून वर्गात शिरले की मी आधी विचारते, जेवलात का रे?"

सर खूश होतात. "चौतीस वर्षांत एवढंच धड लिहिलं मी, आणि नेमकं तेच गाळलंत! घ्या लिहून."

अकरा पानं केव्हाच उडून एसटीच्या टपावर जाऊन बसलीत. "कागद नाही, सर."

"तळहात आहे ना?"

घंटी वाजते. सर कधी गाडीत चढले कळत नाही, खिडकीतून डोकं काढून ओरडतात, "आणि बाई, नुसती कोरडी भाकरी? चटणी तरी न्यायची!"

स्वतःच्याच हसण्यानं बाई जाग्या होतात. चार वाजलेत. डाव्या तळहातावर निळ्या शाईचा वाकडातिकडा गोल आहे, त्याचे चार भाग केलेले.

हात न धुताच बाई साडी बदलायला उठतात.