दोघींत एक पाकीट

काज-बटणवालीचा हात सुईवर असतो, पण नजर समोरच्या मशीनवर. तिथे तिची धाकटी जाऊ बसायची. नंतर कितीतरी जणी बसून गेल्या, तरी हिला तिथे जाऊच दिसते, तीही पाठमोरी. हाक मारायची सोय नाही, कारण ती वळली तर काय, याची हिला भीती वाटते.

दोघी एकाच घरच्या सुना, एकाच शिवणकारखान्यात कामाला. पदरात पोरं भरपूर, आणि आता पुरे म्हणण्याची प्राज्ञा नाही. सासूबाईंचं ठरलेलं, ‘ज्यानं चोच दिली तो चारा देईल.’ तो चारा शिजवणार कोण, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकदा दात दुखतोय म्हणून जाऊ दवाखान्यात गेली आणि दिवस न राहण्याच्या गोळ्यांचं पाकीट लपवून घेऊन आली. एकच. दोघींचे दात एकदम दुखणार कसे? मग वाटणी झाली, आज तुझी, उद्या माझी. त्या घरात साबणापासून चपलेपर्यंत सगळं वाटूनच वापरायचं, तशा गोळ्याही. अर्ध्या गोळ्यांनी निदान अर्धं संकट टळेल, हा त्यांचा हिशोब. शहाण्यांनी खुशाल हसावं. पण आधी त्या घरात महिनाभर सून म्हणून राहावं, मग हसावं.

दोघींनाही दिवस गेले. जाऊ मागच्या गल्लीतल्या पोट पाडणाऱ्या बाईकडे जाऊन आली ती पांढरीफटक होऊन. “ताई, बोलू नका कुणाला. जरा पडते,” म्हणाली. हिने तिच्या अंगावर गोधडी घातली आणि खरंच कुणाला बोलली नाही. सकाळी जाऊ थंड पडली होती. ताप आला होता, असं लोकांना सांगितलं. ते पाहून हिचा धीरच खचला. हिने पोट वाढू दिलं. मुलगी झाली.

तीच लेक परवा तान्हं बाळ घेऊन माहेरी आली. बाळ अंगावर पितंय तोवर काही होत नाही, असं तिला सासरी सांगितलेलं. झालं होतं. आता तशाच एका बाईचा पत्ता तिने मिळवला होता.

“दुपारी जाऊन येते,” लेक पुटपुटली. “घरात कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत.”

काज-बटणवालीने जाऊचं सगळं लेकीला सांगून टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग दार सताड उघडलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझ्या लेकीला दिवस गेलेत. तिला आत्ता मूल नकोय. मी तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन चाललेय. कुणाला काही विचारायचंय?”

बायका बघतच राहिल्या. लेकीने लाजेने तोंड झाकलं. आईने एका हाताने बाळ उचललं, दुसऱ्याने तिचं मनगट धरलं.

वळणावर लेकीने विचारलं, “आई, म्हणजे मीही नकोच होते तुला?”

“तेव्हा नको होतीस,” ती म्हणाली. “आता गमवायची नाहीस. पाय उचल.”