रुंद टायर आणि आपला माणूस

हैदराबादेत मी इतकी वर्षं खाकी घातली, की शेकडो केसेस डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. त्या पांढऱ्या गाडीची केस मात्र काही केल्या मिसळत नाही.

रविवारी सकाळी सातच्या सुमारास शहराबाहेरच्या नव्या रस्त्यावर फिरायला गेलेल्या एका निवृत्त रेल्वे गार्डना गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. गार्ड सिकंदराबादच्या दवाखान्यात बेशुद्ध, आणि वाचतील की नाही ते डॉक्टर सांगेनात. आमच्या हातात काय, तर एका भाजीवालीचा जबाब, "पांढरी कार सार, मागची चाकं रोडरोलरची!" आणि रस्त्यावर रबराचे दोन काळे पट्टे. पट्टे एवढे रुंद, की एकेकावर पंगत बसवून वाढपी फिरवता आला असता. बायको म्हणते, माझ्या गोष्टी निम्म्या करून ऐकाव्यात. करा निम्म्या. तरी कंपनीतून येणाऱ्या कारला तेवढा टायर नसतो.

असे टायर लावतात ड्रॅग रेसवाले. सरळ मोकळा रस्ता, शेजारी दोन गाड्या, खूण झाली की जागेवरून कोण आधी उसळतं, एवढाच खेळ. त्यासाठी रुंद आणि मऊ टायर हवा. तो मूळ गाडीत मावत नाही. चाकावरची पत्र्याची कमान आतून कापून, ठोकून मोठी करावी लागते. म्हणजे ड्रायव्हर शोधण्याआधी पत्रा ठोकणारा डेंटर शोधायचा.

सोमवारी सकाळी नारायणगुड्यातल्या आमच्या खबऱ्याचा, एका चहावाल्याचा, फोन आला. "साब, उस्ताद के शेड में सफेद गाडी खडी है. पीछे के चक्के निकले हुए."

उस्ताद म्हणजे तिथला डेंटर, साठीचा. त्याची हातोडी दिसली की पत्रा आपणहून वळत असावा, असा कारागीर. गाडीच्या मागच्या कमानी कापलेल्या, पुढचा बंपर चेपलेला. शेजारी साधे टायर टेकवून ठेवलेले.

"कल दोपहर कू छोडके गए साब," तो म्हणाला, "पुराने टायर वापस डालने कू. चौडेवाले निकाल के साथ ले गए."

पंचनामा केला, गाडी जप्त करून साधे टायर चढवून ठाण्याच्या आवारात आणली, उस्तादला ठाण्यात आणून बाकावर बसवलं.

गाडीचा मालक सव्वीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याला बोलावलं तर वडीलही आले. मूळचे पुण्याचे, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझ्या नावाची पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्ही तर आपले निघालात! परक्या गावात आपला माणूस भेटला की निम्मं टेन्शन जातं."

गाव त्यांना परकं होतं. आमचं घराणं निजामाच्या काळापासून काचीगुड्यात. पण दिवसभर तेलुगू आणि दखनी ऐकून शिणलेल्या कानांना ती स्वच्छ मराठी गोड लागली, हे कबूल करतो. मी चहा मागवला.

"गाडी गुरुवारपासून त्या डेंटरकडेच आहे," ते म्हणाले. "कमानी कापायला दिली होती. ट्रायलला त्यानंच काढली असणार. ह्या लोकांचं तुम्हाला मी काय सांगायचं!"

आणि मी, भल्याभल्यांच्या थापा वासावरून ओळखणारा, हे वाक्य चहाबरोबर गिळलं. ठाण्याची लिखापढी करणाऱ्या रायटरला सांगितलं, आरोपीच्या रकान्यात उस्तादचं नाव घाल.

उस्तादकडे कसली नोंदवही नव्हती. "मैं नहीं था साब," यापलीकडे तीन तासांत काही हाती लागलं नाही. मी वैतागलो. "काम भी तुम्हारा कच्चाच है. टायर घासा होगा, गाडी हात से गई होगी."

तो ताडकन उठला. "मेरेकू अंदर डालो साब. हौ, डालो! मगर मेरे काम कू कच्चा नक्को बोलो!"

मग त्यानं पद्धत सांगितली. कमान कापल्यावर तो आतून कणकेचे गोळे चिकटवतो. मागं चार जाडजूड माणसं बसवून गाडी दाबतो. गोळा किती चेपला त्यावरून टायरला किती जागा उरली ते कळतं. बोटभर उरली, तरच आतून काळा रंग लावून गाडी मालकाला देतो. "जाके देखो!"

मी आवारात गेलो, माझ्या पोटाला न विचारता गाडीखाली आडवा झालो. काळा रंग शाबूत, घासल्याची रेघही नाही. पण रंगावर रबराच्या कणांचा थर बसला होता, कढईच्या बुडाला खरपुडी बसावी तसा. मऊ टायर जागेवर गरगर फिरवला की असा थर उडतो. एका ट्रायलचं ते काम नव्हतं. गाडी कधीच मालकाकडे गेली होती आणि बऱ्याच शर्यती खेळून आली होती.

रविवारी स्टिअरिंगवर कोण होतं, हे मात्र रबर सांगत नाही. वडिलांना आत बसवून मी इंजिनिअरला गाडीपाशी नेलं. उस्तादला लागलेला तोच चटका द्यायचं ठरवलं.

"काय हो, एवढी गाडी कापली आणि काम असं? उसळली की घासत असणार."

"नाही घासत, सर."

"घासतेच. मला कळतं त्यातलं." मला काडीचंही कळत नव्हतं.

"सर, गॅप बघा ना! संडेला पाच फुल लाँच मारलेत मी, एकदाही टच नाही झालं!"

शेजारी जबाब टिपणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं. पोराचा चेहरा चुन्यासारखा झाला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. पण मग त्यानंच मित्राच्या गच्चीवर लपवलेले रुंद टायर काढून दिले, ते पंचांसमोर जप्त झाले. रस्त्यावरचं रबर त्यांचंच, असं प्रयोगशाळेनं कळवलं. मित्राच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत तोच गाडी चालवत होता.

वडील म्हणाले, "साहेब, आपल्याआपल्यात काही करता आलं तर..."

"तेच करतोय," मी म्हणालो. "गार्ड मूळचे काचीगुड्याचे, उस्ताद नारायणगुड्याचा. दोघं माझ्या गावचे."

गार्ड वाचले; काठी मात्र कायमची लागली.

उस्तादला मी कबुली झाली त्याच संध्याकाळी म्हटलं होतं, घरी जा. तो उठेना.

"साब, मैं कमान नहीं काटता तो वो टायर बैठतेच नहीं थे ना?"

मी सांगितलं, बेकायदा बदलाचा दंड मालकाला होईल, तू साक्षीदार आहेस.

"कानून की नहीं पूछा मैं," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

माणूस गुन्हा लपवतो, पण ज्याचा अभिमान आहे ते झाकून ठेवणं त्याला जड जातं, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढं नव्या पोरांना तोऱ्यात शिकवलंही. दुसरी शिकवण कुणाला सांगितली नाही. उस्तादनं न विचारता स्वतःचा वाटा मोजला. माझा वाटा मी मोजला नाही. कुणीतरी माझ्या भाषेत "आपले" म्हणालं, एवढ्या पुराव्यावर मी एका निरपराध माणसाला आरोपी करून टाकलं होतं. त्याची माफी मी मागितली नाही. पोलीस ठाण्यात तशी पद्धत नसते. ती मी पाडायला हवी होती.