मिस्त्राच्या वेशीची कडी

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, जिवलग दोस्तालाबी न्हाई. आज भराभरा टाईप करतोय, कारण थांबलो की पुसून टाकीन — या आधी पुसलंयबी.

आमचं घर आष्ट्यात. दिवाळीत दारात किल्ला सगळेच करतात — रायगड, प्रतापगड. पण माझी धाकटी बहीण तनू, सहावीत होती तवा, तिनं पप्पांच्या मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि हट्टच धरला — मिस्त्रा करायचा! ग्रीसमधली डोंगरावरची राजधानी. शेजारचे काका म्हणाले, "आपले किल्ले संपले व्हय गं?" तर ही म्हणती, "आवं काका, बघा तर!"

आणि काय केलता गड्या! उतारावर गल्ल्या, चर्चचे घुमट करवंट्यांचे, गहू पेरून हिरवंगार रान. कोण आलं की हिची टकळी सुरू — भावाभावांनी मिळून सगळा मुलूख जिंकला, तिकडं मोठी राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या सुलतानानं घेतली तरी हे छोटं राज्य काही वर्षं टिकलं. मग उरलेल्या दोघा भावांचं फाटलं. थोरल्यानं वेस उघडून राजधानी सुलतानाला दिली. लढाई न होता गेलं सगळं! हे सांगताना तिचे डोळे भरायचे. लोक उभे राहून ऐकायचे.

माती कुणी वाहिली, दगड कुणी आणले — हे कोण विचारत न्हवतं. विचारायला पायजे होतं का? मी नववीत. दोस्त म्हणाले, "बहीण राजा आणि तू मातीचं गाढव व्हय रं?" मीबी हसलो. हसलो, पण —

त्या दिवशी संध्याकाळी किल्ला स्पर्धेसाठी मंडळाचे परीक्षक येणार होते. दुपारी फराळ करून सगळे आडवे झालेले. तनू शेवटची लाल माती घेऊन आत आली, हात धुतले, झोपली. गेटची कडी तिनं लावलेली — मी बघितलं होतं. शेजारच्या म्हशी त्याच टायमाला ओढ्यावरनं परत यायच्या. आणि किल्ल्यावर कोवळा गहू. मला काय कळत न्हवतं का? सगळं कळत होतं.

मी कडी काढली.

एका बोटानं. मग आत जाऊन चादर ओढून पडलो. करवंट्या फुटल्याचा आवाज आला. उठलो न्हाई.

आई तनूवर ओरडली, "शेवटी आत तूच आलतीस न्हवं!" तनू रडली न्हाई. माझ्याकडं आली. नखांत अजून लाल माती. "दादा, मी कडी लावलीती न्हवं रं?"

तिला आठवत होतं! तरी मला विचारत होती — कारण दादा खरं सांगंल.

मी म्हणालो, "न्हाई. उघडीच होती."

परत तिनं किल्ला केला न्हाई. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का — जाऊन जाऊन बघती. घरात काय हरवलं की तनूनंच हरवलं, आणि तनू पण म्हणती, असंल बाई. नावच पडलं — विसरभोळी. मीबी त्याच नावानं हाक मारतो.

परवा तिला बघायला साताऱ्याची मंडळी आलती. आई म्हणाली, "पोरगी लय गुणाची हाय, जरा विसरभोळी हाय तेवढी. सांभाळून घ्या." तनू मान खाली घालून हसली, "व्हय, लहानपणापासनंच." मंडळी हसली. मी पोह्याच्या बशा गोळा करत होतो. मीबी हसलो.

मंडळींची गाडी गेल्यावर तनूनं गेट लावलं. घराकडं वळली, परत मागं गेली, कडीला हात लावून बघितला. मग तिथनंच मला विचारलं, "दादा, लागली न्हवं?"

"लागलीय," म्हणालो.

तवाबी लागलेलीच होती.